फास्ट रॅम तुमच्या बोर्डावर खरंच फास्ट चालेल का? घ्यायच्या आधी असं तपासा

"३६०० ची रॅम माझ्या मदरबोर्डावर चालेल का" असं कोणी विचारलं की त्यात खरं तर दोन प्रश्न असतात. एक, ती लावल्यावर मशीन चालू होईल का. आणि दोन, चालू झालं तर रॅम ३६०० वर पळेल का. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो असतं. दुसऱ्याचं उत्तर कोणी धड देत नाही, दुकानदार तर नाहीच, कारण डिस्प्ले आला की त्याच्यासाठी विषय संपला. मग होतं काय, माणूस ३६०० चे पैसे मोजतो, मशीन वर्षभर २१३३ वर चालवतो आणि वर सांगतो की नवीन रॅम टाकून काही फरक पडला नाही राव. पडणार कसा?

त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे काही चढलेत की चुकीचं किट घेणं परवडतच नाही. एआयवाल्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायचा सपाटा लावला आणि आपल्या वाट्याला महाग माल आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, पाकीट फोडल्यावर "स्पीड मिळत नाहीये" या कारणावर रॅम परत घेणारे फार कमी. म्हणून आधी अर्धा तास बसून हे सगळं तपासा, एकदा कळलं की पुढच्या वेळी पाच मिनिटांत होतं.

आधी मशीनमध्ये काय आहे ते काढा

कॅबिनेट उघडायची गरज नाही. विंडोजच्या सर्चमध्ये सिस्टम इन्फर्मेशन टाका, त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि बेसबोर्ड प्रॉडक्ट म्हणून बोर्डाचं मॉडेल दिसतं. ते अक्षर न अक्षर लिहून घ्या, नुसतं "असूसचा बोर्ड आहे" किंवा "गिगाबाइट बी४५०" एवढ्यानं भागत नाही, कारण एकाच चिपसेटवर (बी४५० वगैरे, बोर्डावरची मुख्य चिप) एकेका कंपनीचे दहा बोर्ड असतात आणि त्यांचे रॅमचे आकडे वेगवेगळे असतात. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, आत्ता रॅम कुठल्या स्पीडला चालतेय आणि किती स्लॉट भरलेत ते तिथं दिसतं.

अजून खोलात जायचं तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. एक सांगून ठेवतो, त्यात मेमरीच्या टॅबमध्ये ३२०० च्या रॅमला १६०० दिसतं आणि लोक घाबरून दुकानदाराला फोन लावतात. फसवणूक नाहीये ती. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, त्यामुळे खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झ आणि पाकिटावरचा आकडा ३२००. दुप्पट करून वाचायचं, बस. पाकिटावर कंपन्या मेगाहर्ट्झ छापतात ते खरं तर मेगाट्रान्सफर असतं, पण आता सगळेच तसं बोलतात त्यामुळे मी पण इथं नुसते आकडेच लिहितोय.

सीपीयू-झेडमधला एसपीडी नावाचा टॅब मात्र नीट बघा, पुढे त्याचंच काम आहे.

स्लॉटमध्ये बसते का

हे सोपं आहे म्हणून पटकन. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांना २८८, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, १.५, १.२ आणि १.१ असं उतरत गेलंय. जोर लावून बसवायला जाऊ नका.

गोंधळ होतो तो इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या जनरेशनमध्ये, कारण हे प्रोसेसर दोन्ही चालवतात, डीडीआर४ पण आणि डीडीआर५ पण, मात्र बोर्ड यातलं एकच घेतो. एकाच नावाचा बी६६० किंवा बी७६० बोर्ड दोन प्रकारांत मिळतो, डीडीआर४ वाल्याच्या नावात शेवटी बहुतेक वेळा डी४ किंवा डीडीआर४ असं शेपूट असतं. एएमडीकडे हा घोळ नाही. एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड म्हणजे डीडीआर४, एएम५ चा म्हणजे डीडीआर५.

आणि जुन्या बाजारात कोणी ३२ जीबीची स्टिक अगदी स्वस्तात देतोय म्हणून उड्या मारू नका. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम असते ती. डीडीआर४ ची असेल तर साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते अगदी बरोबर, पण मशीन सुरूच होत नाही. लेबलवर २४०० टी-आर किंवा २६६६ व्ही-आर असं काही लिहिलेलं असेल तर तो आर म्हणजे रजिस्टर्ड, ठेवून द्या तिथंच. जुन्या डीडीआर३ बोर्डांसाठी "फक्त एएमडी" म्हणून येणाऱ्या स्वस्त चायनीज स्टिकही अशाच, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत.

बसली, पण पळणार किती?

इथं खरी गंमत आहे. पाकिटावरचा आकडा म्हणजे त्या रॅमची ऐपत, तुम्हाला मिळणारा स्पीड नव्हे. मिळणारा स्पीड ठरवताना प्रोसेसर, चिपसेट, बोर्डाची बांधणी आणि रॅम या सगळ्यांचं जमावं लागतं, आणि त्यातला जो सगळ्यात मागे असेल त्याचाच आकडा शेवटी मिळतो.

प्रोसेसरपासून सुरू करू कारण लोक नेमकं तेच विसरतात. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी बोर्डावरच्या चिपमध्ये असायचा, तो एएमडीनं २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलनं २००८ मध्ये नेहेलमपासून प्रोसेसरच्या आत घेतला. म्हणजे "माझा बोर्ड ३६०० सपोर्ट करतो" हे अर्धंच वाक्य आहे. इंटेल किंवा एएमडीच्या साइटवर तुमच्या प्रोसेसरच्या पानावर जाऊन मेमरीचा आकडा बघा. रायझन १००० ला २६६७, २००० ला २९३३, ३००० आणि ५००० ला ३२००, आणि ७००० ला डीडीआर५ ५२००, ९००० ला ५६००. इथं एक फसवी जागा आहे, ३२००जी आणि ३४००जी हे नावानं ३००० सिरीजचे पण आतून जुने, त्यांना २९३३ च. इंटेलमध्ये १० व्या जनरेशनचे आय३ आणि आय५ २६६६ वर अडकतात आणि आय७, आय९ २९३३ वर. ११ व्या जनरेशनचे डेस्कटॉप आय५ आणि त्यावरचे ३२००. १२ व्याला डीडीआर४ असेल तर ३२०० आणि डीडीआर५ असेल तर ४८००. १३ व्या-१४ व्यात १३६००के सारखे वरचे प्रोसेसर ५६०० पर्यंत जातात पण १३४०० आणि १४४०० तिथंच ४८०० वर.

हे आकडे म्हणजे कंपनीची गॅरंटी. याच्या वर जे काही चालवाल ते ओव्हरक्लॉकिंग, मग ते एका क्लिकवर होत असलं तरी. कागदोपत्री त्यामुळे वॉरंटीची अडचण येऊ शकते हे माहीत असू द्या, लोक तरी बिनधास्त चालवतात आणि मीही चालवतो, पण चालेलच असं वचन तुम्हाला कोणी दिलेलं नसतं.

आता चिपसेट. वर जायला परवानगी आहे की नाही ते इथं ठरतं आणि इंटेलनं इथंच सगळ्यात जास्त छळलंय. एच३१०, बी३६०, बी३६५, एच४१०, बी४६०, एच५१०, एच६१० या सगळ्यांवर मेमरी ओव्हरक्लॉक बंद. झेडवाल्या चिपसेटवर सुरू, आणि २०२१ मध्ये बी५६० पासून इंटेलनं बी सिरीजला पण मोकळीक दिली, त्यामुळे बी५६०, बी६६०, बी७६० वर चालतं. एएमडीवाले याबाबतीत बरे, बी३५०, बी४५०, बी५५०, एक्स५७० सगळीकडे चालतं आणि ए५२० किंवा ए६२० सारख्या गरीब चिपसेटवर पण मेमरीचं प्रोफाइल लावता येतं, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही एवढंच.

मग बोर्ड. कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा. तिथं मेमरीच्या रकान्यात आकड्यांची रांग असते आणि मोठ्या आकड्यांपुढं ओसी लिहिलेलं असतं. ओसी म्हणजे ओव्हरक्लॉक, जमलं तर जमलं. बी४५० सारख्या बोर्डाच्या पानावर एकाच्या जागी तीन-चार रांगा दिसतील, रायझन ५००० साठी वेगळी, ३००० साठी वेगळी, २००० साठी वेगळी. तुमची रांग वाचा, सगळ्यात मोठा आकडा तुमचाच असेल असं नाही.

एक्सएमपी म्हणजे काय आणि तिथंच माणूस का फसतो

प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, एसपीडी म्हणतात तिला. त्यात दोन प्रकारची माहिती असते. पहिली जेडेक नावाच्या संस्थेनं ठरवलेल्या स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे काहीही न करता कुठलाही बोर्ड रॅम लावल्या लावल्या जो स्पीड उचलतो तो. दुसरी एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, ही कंपनीनं स्वतः टेस्ट करून भरलेली वरच्या स्पीडची सेटिंग, जी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा बोर्डाचा स्वतःचा मेनू) जाऊन तुम्हाला चालू करावी लागते. एक्सएमपी इंटेलचं, एक्स्पो एएमडीचं, २०२२ मध्ये रायझन ७००० सोबत आलं.

आता कॉर्सेअरची व्हेन्जन्स एलपीएक्स ३२०० घ्या, भारतात घरोघरी असते ही. कंपनीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टेस्टेड स्पीड ३२००, एसपीडी स्पीड २१३३. म्हणजे बायोसमध्ये प्रोफाइल चालू केलं नाही तर ती आपोआप २१३३ वर चालणार. जी-स्किलच्या पानावर पण असेच दोन आकडे देतात. दुसरीकडे किंग्स्टनची साधी हिरव्या पट्टीची व्हॅल्यूरॅम, केव्हीआर३२एन२२ ने सुरू होणारा नंबर, किंवा क्रूशियलची साधी ३२०० सीएल२२ (सीएल म्हणजे मागितल्यावर डेटा यायला लागणारे घड्याळाचे ठोके, कमी तितकं बरं), या दिसायला भिकार, ना हीटसिंक ना लाइट, पण यांचा ३२०० हा जेडेकचाच आकडा आहे, १.२ व्होल्टवर, कुठलंही प्रोफाइल न लावता.

लक्षात आलं का? लॉक असलेल्या बोर्डावर चकाचक गेमिंग किट २१३३ वर रखडू शकतं आणि त्याच बोर्डावर साधी हिरवी पट्टी प्रोसेसरच्या पूर्ण मर्यादेपर्यंत जाते. काही लॉक बोर्ड प्रोफाइल वाचतात आणि मर्यादेवर आणून थांबवतात, काही हातानं २६६६ निवडू देतात, पण काही दोन्ही करू देत नाहीत, आणि तुमचा कुठला ते मॅन्युअल वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून एच किंवा जुना बी चिपसेट असेल तर मी डोळे झाकून जेडेक ३२०० वाली साधी रॅम घ्यायला सांगतो. दुकानात लोकांना पटत नाही, काचेतून लाइट दिसत नाही ना.

चार नेहमीच्या जोड्या

आय५-१०४०० आणि बी४६०. कितीही महाग रॅम लावा, २६६६ च्या वर जाणार नाही, प्रोसेसरही अडवतो आणि चिपसेटही. इथं ३२०० सीएल१६ किटवर जास्तीचे पैसे घालू नका. साधी २६६६ किंवा जेडेक ३२०० घ्या, ती २६६६ वर उतरून निमूट चालते.

रायझन ५ ५६०० आणि बी४५० किंवा बी५५०. ही सगळ्यात सुखी जोडी. दोन स्टिकचं ३६०० सीएल१८ किट बायोस ताजा असेल तर जवळजवळ नेहमी चालतं. का ३६०० च, तर रायझनच्या आत इन्फिनिटी फॅब्रिक नावाचा रस्ता आहे, तो रॅमच्या घड्याळाबरोबर एकास एक चालला तर उत्तम, आणि बहुतेक प्रोसेसरमध्ये तो १८०० पर्यंत आरामात जातो, १८०० ची दुप्पट ३६००. हावरटपणा करून ४००० किंवा ४४०० चं किट घेतलंत तर हे प्रमाण तुटतं, आकडा मोठा दिसतो आणि गेममध्ये उलट हळू होतं. इथं फास्ट रॅम चालते पण फायदा नाही, हा प्रकार पाकिटावर कुठंच लिहिलेला नसतो.

आय५-१२४०० आणि डीडीआर४ बोर्ड. एच६१० असेल तर ३२०० वर संपलं. बी६६० असेल तर ३६०० चं प्रोफाइल दिसतं, पण इथं गिअरचा खेळ सुरू होतो. गिअर १ मध्ये मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीनं चालतो, गिअर २ मध्ये निम्म्यानं. नावात शेवटी के नसलेल्या या प्रोसेसरमध्ये कंट्रोलरला लागणारं एसए व्होल्टेज इंटेलनं लॉक केलंय, त्यामुळे ३६०० गिअर १ मध्ये कोणाचं चालतं, कोणाचं नाही. नाही चाललं की बोर्ड गुपचूप गिअर २ वर जातो आणि लेटन्सी, म्हणजे डेटा यायला लागणारा वेळ, वाढते. इथं ३२०० सीएल१६ गिअर १ मध्ये लावून शांत झोपा.

रायझन ५ ७६०० आणि बी६५०. एक्स्पो लिहिलेलं दोन स्टिकचं ६००० सीएल३० किट. एएमडी स्वतः पण ६००० लाच गोड जागा म्हणत आलीय आणि बहुतेक प्रोसेसर ते पेलतात. ६४०० चालेल का? कोणाचं चालतं. ७२०० चालेल का? चालेल कदाचित, पण कंट्रोलर निम्म्या स्पीडला जाईल, म्हणजे वरचीच ४००० वाली गोष्ट परत. या प्लॅटफॉर्मवर एक्स्पो लावायच्या आधी बायोस नक्की अपडेट करा. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० चे, विशेष करून ७८००एक्स३डी, काही प्रोसेसर जास्तीच्या एसओसी व्होल्टेजमुळे (मेमरी कंट्रोलरवाल्या भागाचं व्होल्टेज) जळले होते आणि त्यानंतर एएमडीनं बायोसमधून ते व्होल्टेज १.३ वर बांधून टाकलं. दुकानात धूळ खात पडलेल्या बोर्डावर जुनाच बायोस असू शकतो.

इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० वाल्या नवीन बोर्डांवर सीयूडिम म्हणून स्टिक येतात, त्यांच्यावर घड्याळाची वेगळी चिप असते आणि त्या अधिकृतपणे ६४०० पर्यंत जातात. झेड८९० घेतला नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

क्यूव्हीएल वाचायची कशी

बोर्डाच्या सपोर्ट पानावर मेमरी क्यूव्हीएल नावाची लांबच लांब यादी असते, त्या बोर्डावर टेस्ट केलेल्या रॅमची. त्यात तुमच्या किटचा पार्ट नंबर शोधा, पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरापर्यंत. सापडला की पुढचे रकाने पण वाचा, किती स्टिक लावून टेस्ट केली ते लिहिलेलं असतं, एक, दोन किंवा चार. दोनवर पास झालेलं किट चारवर होईलच असं नाही. प्रोसेसरच्या जनरेशनप्रमाणे याद्या पण वेगळ्या असतात.

यादीत नाही म्हणजे चालणार नाही असा अर्थ नाही, जगातल्या सगळ्या स्टिक कोणी टेस्ट करत बसत नाही, आणि बोर्ड जुना झाला की यादी अपडेट करणं पण थांबतं. मग उलट्या बाजूनं जा. क्रूशियल, किंग्स्टन, कॉर्सेअर, जी-स्किल सगळ्यांच्या साइटवर बोर्डाचं मॉडेल टाकून रॅम शोधायची सोय आहे. मला ती बोर्डवाल्यांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी वाटते. फक्त तिथं पण त्यांना स्वतःचा माल विकायचाय हे डोक्यात ठेवा.

पार्ट नंबर वाचायला शिकलात तर अर्धं काम होतं. केव्हीआर३२एन२२एस८ मध्ये ३२ म्हणजे ३२००, एन म्हणजे साधी डेस्कटॉपची, २२ ही सीएल, एस म्हणजे सिंगल रँक (चिपांचा एकच गट). कॉर्सेअरच्या सीएमके१६जीएक्स४एम२ मध्ये १६ जीबी, एक्स४ म्हणजे डीडीआर४, एम२ म्हणजे दोन स्टिकचं किट. दुकानदार "सेम आहे साहेब" म्हणून दुसरी स्टिक पुढं करतो तेव्हा हा नंबर कामाला येतो.

किती स्टिक, कुठल्या स्लॉटमध्ये

दोन. शक्यतो दोनच, आणि एकाच पाकिटातल्या. आधीची एक ८ जीबी २६६६ पडून आहे आणि तिच्या जोडीला ३२०० घेतली तर दोन्ही २६६६ वर चालतील. आणि सारख्याच मॉडेलची दुसरी स्टिक वर्षभरानं घेतली तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात, एकाच मॉडेलमध्ये कधी सॅमसंग, कधी मायक्रॉन, कधी हायनिक्स येते, कॉर्सेअर तर त्यासाठी लेबलवर व्हर्जन नंबरच छापते. साध्या जेडेक स्पीडला हे खपून जातं, एक्सएमपी लावलं की भांडणं सुरू होतात.

चार स्टिक लावल्या की कंट्रोलरवर ताण येतो आणि डीडीआर५ मध्ये तर तो फारच येतो. रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० ची गॅरंटी आहे आणि चार स्टिकवर फक्त ३६००. हा आकडा बघून लोकांना धक्का बसतो. तेव्हा ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या, १६ च्या चार नको. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक पण येतात आता, त्यांना मात्र २०२३ किंवा त्यानंतरचा बायोस लागतो.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, बहुतेक बोर्डांवर ए२ आणि बी२ असं लिहिलेलं असतं. शेजारी शेजारी लावल्या तर बऱ्याच बोर्डांवर ड्युअल चॅनलच (दोन्ही स्टिकवरून एकाच वेळी डेटा) मिळत नाही. चुकून पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर ड्युअल चॅनल मिळतं पण वरच्या स्पीडला मशीन अडखळतं. आणि मोठा एअर कूलर असेल तर रॅमची उंची मोजा, उंच हीटसिंकवाली स्टिक फॅनखाली अडकते.

लावली, आता चालू कशी करायची

पहिल्यांदा काहीही न बदलता मशीन सुरू होऊ द्या. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काळी स्क्रीन बराच वेळ राहते, कधी कधी काही मिनिटं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, बोर्ड रॅमसोबत टायमिंग जुळवत असतो, मध्येच पॉवर काढू नका. मग डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. एक्सएमपी वेगवेगळ्या नावानं असतं, असूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी, एमएसआयकडे ए-एक्सएमपी, नवीन बोर्डांवर एक्स्पो. चालू करा, सेव्ह करा, रीस्टार्ट.

सुरू झालं नाही तर घाबरायचं काही नाही, बरेच बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतःच मूळ सेटिंगवर येतात. नाही आले तर पॉवर केबल काढून क्लिअर सीमॉसचा जंपर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे जोडा, किंवा ती गोल सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ काढून ठेवा.

विंडोज सुरू झालं म्हणजे पास झालो असं समजू नका. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर सोडा. एरर शून्य पाहिजेत, एक पण नको, "एकच तर आलाय" असं इथं चालत नाही. रॅम काठावर असली की लक्षणं विचित्र असतात, झिप फाइल उघडताना करप्ट, क्रोमचे टॅब आपोआप पडतात, गेम इन्स्टॉल होता होता थांबतो, आणि माणूस विंडोज फॉरमॅट करत बसतो. एरर आले तर प्रोफाइल तसंच ठेवून फक्त स्पीड एक पायरी खाली आणा, ३६०० चं ३४६६, नाहीतर ३२००, आणि परत टेस्ट. व्होल्टेज वाढवायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये असं माझं मत.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. तुमची रॅम वेगळी, सोडिम, आणि बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपी नसतंच. त्यामुळे जेडेक स्पीडवालीच घ्या, डीडीआर४ असेल तर ३२०० सीएल२२. एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती जवळजवळ नेहमी बोर्डावर सोल्डर केलेली असते, विषय बंद.

पैसे घालावे का

लेटन्सीचं गणित करून बघा, सीएल गुणिले २००० भागिले स्पीड, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. ३२०० सीएल१६ ला १०, ३६०० सीएल१८ ला पण १०, डीडीआर५ ६००० सीएल३० ला पण १०. आणि ३२०० सीएल२२ ला १३.७५. म्हणजे ३२०० सीएल१६ सोडून ३६०० सीएल२० घेतलं तर लेटन्सी ११ च्या पुढं जाते, मोठ्या आकड्याला भुलून तेवढ्यापुरतं मागंच गेलात.

ग्राफिक्स कार्ड नसेल, ५६००जी सारखा प्रोसेसर असेल आणि त्याच्याच ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील तर फास्ट रॅम खरंच उपयोगी, कारण ग्राफिक्सची मेमरी पण तीच. तिथं एका स्टिकच्या जागी दोन लावल्या तर स्पीडपेक्षा मोठा फरक दिसतो. पण टॅली, एक्सेल, ब्राउझर एवढंच काम असेल तर ३२०० आणि ३६०० मधला फरक स्टॉपवॉच लावून पण कळणार नाही, त्या पैशात ८ च्या जागी १६ जीबी घ्या.

आणि पुढे कधी बायोस अपडेट केलात, किंवा बोर्डाची बॅटरी संपून तारीख-वेळ मागे गेलेली दिसली, तर बहुतेक वेळा बायोसची सगळी सेटिंग मूळ पदावर आलेली असतात आणि त्यात एक्सएमपी पण बंद झालेलं असतं. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये जाऊन तो स्पीडचा आकडा परत एकदा बघून घ्या.